आलोचरावांची डिश

चार भिंतींतून एकदा तरी बाहेर पडायचं म्हणून आलोचरावांनी निवृत्तीनंतर कॅराव्हॅन घेतली, आणि घेतल्या घेतल्या त्या चार भिंतींतलं सगळं सामान तिच्यात भरलं. झोपायला पलंग, बसायला सोफा, चहाला गॅस, भांडी घासायला बेसिन. एवढं करून आत माणसांनी वावरायला जी वीतभर जागा उरली होती, तिथे त्यांनी टीव्ही बसवला. बायको म्हणाली, "अहो, मग घरीच बसलो असतो की." त्यावर ते म्हणाले, "घरी बसून बाहेरचं जग दिसतं का?" बायकोनं एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आलोचराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. जेवायला हाक मारली की "आलोच", दारात टॅक्सी उभी राहिली की "आलोच", दवाखान्यात नंबर पुकारला की "आलोच". हे ऐकून ऐकून लेकीनं लहानपणीच ते नाव ठेवलं, बायकोनं ते उचलून धरलं, आणि पुढे सोसायटीच्या वॉचमनपर्यंत ते पोचलं. माणूस आळशी मुळीच नव्हता. आळशी माणूस निदान एका जागी सापडतो तरी. आलोचराव सदानकदा काही ना काही तपासत असायचे. लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात त्यांनी उभी नोकरी काढली होती. दुसऱ्यानं आवळलेला नट पुन्हा आवळून बघायचा, हे त्यांचं काम. लिफ्टमध्ये चढणाऱ्या माणसाला या सवयीचं केवढं तरी कौतुक वाटेल. पण आलोचरावांनी ती सवय संध्याकाळी डब्यासोबत घरी आणली, आणि घरच्यांच्या मात्र ती पाचवीलाच पुजली.

त्यांच्या लेकीला शाळेपासून व्हॉलीबॉलचं वेड. शाळेची अंतिम मॅच होती तेव्हा आलोचराव कॅमेऱ्याचे सेल चालतात की नाही ते बघत घरी बसले. मैदानावर पोचले तेव्हा शिपाई जाळी सोडवत होता. आलोचरावांनी जाळी गुंडाळायला मदत केली. चांगली घट्ट गुंडाळली. कॉलेजच्या मॅचला ते वेळेवर निघाले, पण उन्हात गाडी तापू नये म्हणून सावलीतली जागा शोधत मैदानाला प्रदक्षिणा घालत राहिले. त्याच मॅचमध्ये लेकीचा गुडघा गेला, आणि बापाला ते कळलं स्ट्रेचर गेटाबाहेर आल्यावर. "बाबांना मॅच बघायची सवय नाही, जाळी गुंडाळायची आहे," असं ती नंतर हसत हसत सांगायची. सांगताना ती आलोचरावांकडे बघायची नाही.

गुडघ्यामुळे खेळ सुटला, तर लेक पंच झाली. तेव्हा आलोचराव बोलून गेले, "पंचाकडे कोण बघतं गं? लोक खेळणाऱ्यांकडे बघतात." मनात काही वाईट नव्हतं. पण मनात काही नसताना बोललेलंच माणसाला जास्त लागतं, आणि त्यानंतर बरेच दिवस लेकीचा फोन फक्त आईला येत असे.

आणि आता तीच लेक देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मुख्य पंच म्हणून उभी राहणार होती. सामना टीव्हीवर थेट दिसणार होता. तिनं आईवडिलांना दोन पास पाठवले, पुढच्या रांगेतले, शेजारशेजारच्या खुर्च्यांचे. मग फोन केला, आणि या वेळी तो मुद्दाम बापाला केला.

"बाबा, नीट ऐका. नेटच्या बाजूला ती उंच चौकट असते ना, तिच्यावर मी चढले की एकदाच तुमच्याकडे बघणार. मग मॅच संपेपर्यंत मला बॉल सोडून कुणाकडे बघता येत नाही. तेवढं एकदा तुम्ही दोघंही मला खुर्चीत दिसा. बाकी काही नको."

"अगं, हे काय सांगायचं झालं? येणार म्हणजे येणारच!"

"आणि ‘आलोच’ म्हणू नका."

"नाही म्हणत," आलोचराव म्हणाले. खोटं कशाला सांगा, त्या माणसाला मनापासून जायचं होतं. सोसायटीत एक घर त्यांनी सोडलं नाही जिथे ही बातमी सांगितली नाही. ज्यांना व्हॉलीबॉल आणि फुटबॉलमधला फरक कळत नव्हता त्यांनाही सांगितली. शर्टाला इस्त्री करून ठेवली, आणि पास खिशात आहे की नाही ते दर थोड्या वेळानं चाचपून बघू लागले.

मग घोडं अडलं कुठे? तर रेकॉर्डिंगपाशी. आपण स्टेडियममध्ये बसलेलो असताना इकडे कॅराव्हॅनमध्ये सामना रेकॉर्ड होत राहिला पाहिजे, असं आलोचरावांनी ठरवलं.

"अहो, मॅच नंतर मोबाईलवर पाहिजे तेव्हा बघायला मिळते. सगळे तसंच बघतात," बायको म्हणाली.

"ते दुसऱ्यानं केलेलं रेकॉर्डिंग," आलोचराव म्हणाले. "त्याचा काय भरवसा?"

म्हणून प्रवासाला न्यायची एक डिश आली. घडी घालता येणारी, तीन पायांच्या स्टँडवर उभी राहणारी, सोबत केबलचं भेंडोळं आणि सेट-टॉप बॉक्स. ती कॅराव्हॅनच्या मागच्या कप्प्यात चढली, आणि तिला जागा व्हावी म्हणून बायकोची बॅग पुढे पायापाशी आली. सगळा प्रवास तिनं गुडघे पोटाशी घेऊन केला.

स्टेडियमच्या समोर, रस्त्यापलीकडे, कॅराव्हॅन उभ्या करायला मोठं मैदान होतं. स्टेडियम उघडंच होतं, वर छप्पर नाही, त्यामुळे आतल्या लाऊडस्पीकरची खरखर मैदानात ऐकू यायची. चालत गेलं तर चहा निवायच्या आत माणूस खुर्चीत. इतकी सोय झाल्यावर काही चुकायला वावच नव्हता. आलोचराव सकाळीच पोचले, सामना दुपारचा होता, आणि मैदानात एकुलतं एक डेरेदार झाड होतं. त्यांनी कॅराव्हॅन बरोबर त्या झाडाखाली लावली. मग चाकांखाली लाकडी ठोकळे सारून गाडी समपातळीत आणली, बाजूचं कापडी छत ओढलं, दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या आणि आभाळातला उपग्रह शोधायला वर बघितलं. वर पानं होती.

"झाडातून नाही का येत?" बायकोनं विचारलं.

"अगं, उपग्रह आहे तो. पाखरू नव्हे झाडावर येऊन बसायला."

शेजारी एक निवृत्त दातांचे डॉक्टर बायकोसह उतरले होते. त्यांच्या कॅराव्हॅनच्या टपावर पांढरा गुळगुळीत घुमट होता. डॉक्टरांनी आत जाऊन बटण दाबलं, घुमटातून घुर्र असा आवाज आला आणि टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या. "काही नाही, एक बटण दाबायचं. आतली डिश आपली आपण फिरते आणि उपग्रह शोधते," पेशंटला ‘दुखणार नाही’ म्हणतात त्या सुरात डॉक्टर म्हणाले.

"आणि बटण बिघडलं म्हणजे?" आलोचरावांनी विचारलं. उघड्या मैदानात ज्यानं बटणावर विश्वास ठेवला त्याच्याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं.

कॅराव्हॅन झाडाखालून काढायची म्हणजे मांडलेला संसार आवरायचा. खुर्च्या मिटल्या, छत गुंडाळलं, ठोकळे काढले, आणि सगळं पुन्हा भर उन्हात मांडलं. बायकोनं या सगळ्यात एक शब्द काढला नाही. आलोचरावांना ती समजूतदार वाटली. पुष्कळ वर्षांच्या संसारात नवऱ्यांचे असे बरेच गैरसमज होत असतात.

मग खरं काम सुरू झालं. स्टँडचे तीन पाय रोवले. पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला. आपली हत्यारांची लोखंडी पेटी त्यांनी स्टँडला खेटून ठेवली, तिच्यावर होकायंत्र ठेवलं, त्याची सुई थरथरत स्थिरावली, आणि त्या सुईला प्रमाण मानून डिश फिरवली. मोबाईलमध्ये उपग्रहाची दिशा दाखवणारं ॲप होतं, पण मोबाईल काय, काहीही दाखवतो. पाना हातात घेऊन आलोचरावांनी कॅराव्हॅनकडे तोंड केलं आणि हाक दिली.

"दिसतंय का?"

हे दोन शब्द म्हणजे त्यांच्या संसाराचं धृपद. पूर्वी गच्चीवर अँटेना होता तेव्हापासूनची पद्धत. आलोचराव गच्चीत, बायको घरात टीव्हीसमोर, आणि दोघांचा आवाज एकमेकांना पोचत नसे म्हणून लेक मध्ये जिन्यात. वरून "दिसतंय का?" आलं की ती खाली ओरडायची, खालून "मुंग्या!" आलं की वर ओरडायची. एवढीशी पोर, पण आवाज खणखणीत. पंच होण्याची तयारी तिची त्या जिन्यातच झाली, असं कुणी म्हटलं तर ते काही खोटं ठरू नये.

"दिसतंय का?"

"नाही."

"आता?"

"निळं दिसतंय."

"निळं म्हणजे काहीच नाही. आता?"

"अहो, बाई दिसतेय!"

आलोचराव जिथल्या तिथे थिजले. "कोण बाई?"

"मला काय माहीत? सुऱ्या विकतेय. भाषा कळत नाही, पण सुऱ्या छान आहेत."

म्हणजे डिशनं उपग्रह पकडला होता, फक्त भलताच. कुठल्या तरी परक्या मुलखातली बाई कॅराव्हॅनमध्ये बसून पाव कापत होती. आलोचरावांनी होकायंत्र पुन्हा बघितलं. सुई ठाम होती. सुई ठाम असली की आलोचराव तिच्याहून ठाम. "मग जमीनच सरळ नसणार," असं म्हणून त्यांनी स्टँड उचलला आणि दुसरीकडे रोवला, अर्थात पेटी आणि पेटीवरचं होकायंत्र यांच्यासकट.

असं करता करता दुपार झाली. डॉक्टर आणि त्यांची बायको टोप्या घालून बाहेर आले. "चला, निघायचं ना?" डॉक्टर म्हणाले. "आमच्या बॉक्सला रेकॉर्डिंग लावलंय मी. हवं तर तुम्हाला कॉपी देतो."

"नको, नको," आलोचराव घाईनं म्हणाले. "माझं होतच आलंय."

बायको केव्हाच तयार झाली होती. ठेवणीतली साडी, केसांना जाळी, हातात पर्स, पर्समध्ये पास. ती टीव्हीसमोर उभीच होती, कारण बसलं तर साडीला चुण्या पडतील. पलीकडून लाऊडस्पीकरवर लोकांना जागेवर बसायची विनंती चालू होती.

"दिसतंय का?" बाहेरून हाक आली.

बायकोनं पडद्याकडे बघितलं. पडदा निळा होता.

"दिसतंय!" ती ओरडली. "अहो, लख्ख दिसतंय! चला आता!"

आलोचरावांनी पाना लावून नट आवळले. एकेक नट दोनदा आवळला. मग कपाळाचा घाम पुसत आत आले. आपला स्वतःचा आवळलेला नटसुद्धा तपासणारा माणूस तो, पडदा बघितल्याशिवाय कसा निघेल? त्यांनी बघितलं.

"हे काय? हे तर निळं आहे!"

"आत्ता गेलं," बायको म्हणाली. "वाऱ्यानं गेलं असेल."

मैदानात पान हलत नव्हतं. आलोचरावांनी बायकोकडे रोखून बघितलं आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू एक भयंकर शंका वर आली. "वाऱ्यानं," ते म्हणाले. "गच्चीतला अँटेनासुद्धा मी खाली आलो की वाऱ्यानंच जायचा."

बायको साडीचा पदर सारखा करू लागली.

"म्हणजे तेव्हा पण?"

"तेव्हा पण," बायको म्हणाली. आता तिलाही लपवायचा कंटाळा आला होता. "तुम्ही गच्चीत. पोर जिन्यात भुकेनं रडकुंडीला आलेली. गॅसवर दूध. मी किती वेळ मुंग्या मुंग्या करत बसणार? म्हटलं, दिसतंय म्हणून टाकावं. दिसतंय म्हटलं की तुम्ही खाली यायचा."

"आणि मी नट आवळायचो!"

"आवळायचात. आणि जेवायला यायचात. मला तेवढंच पाहिजे असायचं."

आलोचराव मटकन सोफ्यावर बसले. इतकी वर्षं ज्या वाऱ्याला त्यांनी शिव्या घातल्या, ज्या वाऱ्यापायी गच्चीत तारांचे ताण बांधले, दोनदा सिमेंटचा चौथरा केला, तो वारा कधी नव्हताच. लेक पलीकडे थोड्याच वेळात त्या चौकटीवर चढणार होती, आणि बापाच्या अंगाचा तिळपापड झाला होता तो पूर्वीच्या काळच्या मुंग्यांनी.

"तू माझी फसवणूक केलीस."

"केली. आता उठा आणि चला. त्या पोरीला दोन खुर्च्या भरलेल्या बघायच्या आहेत. त्या डब्यात काय भरतंय ते बघायला नंतर जन्म पडलाय."

"मला फक्त हे एवढं नीट..."

"अहो!" तिचा आवाज चिरकला. "तिनं आयुष्यात तुमच्याकडे दुसरं काही मागितलंय का?"

नव्हतं मागितलं. आलोचरावांना ते ठाऊक होतं, आणि आतून कुठेतरी फार लागलंही. पण हातात पाना होता. हातात पाना असला की हा माणूस आधी त्या पान्याचं ऐकत असे.

"तू पुढे हो," ते म्हणाले. "मी आलोच."

बायको दारात थांबली. "म्हणालात ना शेवटी," एवढंच बोलली आणि खाली उतरून डॉक्टर जोडप्याबरोबर रस्ता ओलांडून निघून गेली. तिनं वळून बघितलं नाही. आलोचरावांनी बघितलं असतं, पण ते तेव्हा नट सैल करत होते.

आता नवी अडचण आली. डिश फिरवली, "दिसतंय का?" अशी जोरदार हाक दिली, आणि हाकेला उत्तर आलं नाही. मैदान रिकामं झालं होतं. आलोचराव डिश केसभर सरकवायचे आणि पळत आत जायचे. पडदा बघायचे आणि पळत बाहेर यायचे. असं करून धाप लागल्यावर त्यांना सुचलं की टीव्ही बाहेर आणता येतो. केबल तेवढी लांब होती. टीव्ही तेवढा हलका होता. त्यांनी तो उचलला आणि घडीच्या टेबलावर, डिशच्या अगदी पुढ्यात ठेवला. दहा पावलांवर ओरडून जे विचारायचं ते आता नुसतं मान वळवली की दिसत होतं. यासाठी बायकोला सकाळपासून उभं करायची काही गरज नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं. तो विचार त्यांना आवडला नाही, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि टेबल आणखी जवळ सरकवायला पेटी उचलली.

पेटीवरचं होकायंत्र त्यांनी टेबलावर ठेवलं, आणि सुई गर्रकन फिरली.

आलोचराव तिच्याकडे बघत राहिले. पेटीजवळ नेलं की सुई पेटीकडे वळे, पेटीपासून लांब नेलं की खरी उत्तर दाखवे. सकाळपासून ते आपल्याच हत्यारांच्या पेटीला उत्तर दिशा समजत होते. आयुष्यभर दुसऱ्याचे नट तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या पेटीतलं लोखंड विसरावं, याहून मोठी नाचक्की काय असणार? सुदैवानं बघायला कुणी नव्हतं. त्यांनी पेटी लाथेनं दूर सारली, नव्या उत्तरेवरून दिशा धरली, डिश वळवली आणि हळूच वर उचलली. पडद्यावर रंग उमटले. मग जाळी दिसली, मग गर्दी, आणि मग गणवेशात रांगेनं उभे असलेले खेळाडू. पाण्यात धुऊन काढावं तसं स्वच्छ चित्र होतं.

"दिसतंय!" आलोचराव एकटेच ओरडले.

त्यांनी नट आवळले. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, कोपऱ्यात लाल ठिपका लागला. अजून वेळ होता. खेळाडूंची ओळख चालली होती. बूट घालून रस्ता ओलांडला असता, तर दारावरच्या माणसाला पास दाखवून ते खुर्चीत जाऊन बसले असते. त्यांनी एक बूट घातला, नाडी बांधली. दुसरा हातात घेतला, आणि लाल ठिपका नीट चालू आहे ना, मध्येच बंद तर नाही ना पडत, एवढंच बघायला म्हणून घडीची खुर्ची छताबाहेर टीव्हीसमोर ओढून तिच्यात टेकले. सावली नव्हती, पण चित्र फार सुंदर होतं. आणि एवढ्या मेहनतीनं आणलेलं चित्र टाकून लगेच उठायचं त्यांच्या जिवावर आलं. सांगायला लाज वाटावी, पण खरं कारण एवढंच होतं.

तेवढ्यात स्टेडियममधून टाळ्यांचा कडकडाट आला. आलोचराव दचकले, कारण पडद्यावर कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं. खेळाडू नुसते उभे होते. चार आकडे मोजावेत इतक्या वेळानं पडद्यावरची गर्दी टाळ्या वाजवू लागली. आलोचरावांना आधी वाटलं डिश हलली. मग उमगलं. पलीकडचं चित्र आभाळात जाऊन, उपग्रहाला भेटून, त्यांच्या डिशमध्ये उतरून टीव्हीवर येईपर्यंत पलीकडे ते घडून गेलेलं असायचं. हाकेच्या अंतरावरचं सगळं त्यांच्यापाशी अंतराळ फिरून येत होतं.

लाऊडस्पीकरनं त्यांच्या लेकीचं नाव पुकारलं. रस्त्यापलीकडून त्यांनी ते स्वच्छ ऐकलं आणि हातातला बूट पायात कोंबला. अर्धवट उठले. मग तेच नाव टीव्हीतून आलं आणि पडद्यावर लेक चौकटीच्या पायऱ्या चढू लागली. तिचा दुखरा गुडघा तिनं जपून वर घेतलेला त्यांना दिसला. किती जवळून दिसला! स्टेडियममधून इतक्या जवळून दिसला नसता, असं त्यांच्या मनात आलं आणि ते पुन्हा बसले.

वर चढून ती सरळ उभी राहिली. शिट्टी ओठांत धरण्याआधी तिनं मान डावीकडे वळवली आणि एका ठिकाणी बघितलं. बापाला ती नजर ठाऊक होती. जिन्यात उभी राहून, वरून काय हाक येते म्हणून ती अशीच बघायची. तिचा चेहरा किंचित हलला. हसू येता येता राहिलं, की आलं होतं ते गेलं, हे आलोचरावांना कळलं नाही. पडद्यावर ती अजून बघतच होती, आणि रस्त्यापलीकडून शिट्टी वाजल्याचा आवाज आला. म्हणजे तिचं बघून झालं होतं. जे अजून चालू आहे असं ते समजत होते ते संपलं होतं.

खेळ सुरू झाला. आलोचराव दोन्ही बूट घालून, पास खिशात ठेवून, उन्हात खुर्चीवर बसून राहिले. आता जाऊन काय उपयोग, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नेमकं हेच ते शाळेच्या मैदानावर म्हणाले होते, जाळी गुंडाळताना.

पहिला गुण झाल्यावर कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि एका ठिकाणी थांबला. ठेवणीतली साडी, मांडीवर पर्स. शेजारची खुर्ची रिकामी. तिच्यावर बायकोनं आपला रुमाल पसरून ठेवला होता, कुणी बसू नये म्हणून.

"या आपल्या मुख्य पंचांच्या मातोश्री," टीव्हीतला माणूस उत्साहानं सांगू लागला. "आणि शेजारची जागा बहुधा वडिलांची असावी. गर्दीत कुठेतरी अडकलेले दिसतात. पण येतीलच ते."

"येतीलच की," दुसरा म्हणाला आणि दोघंही हसले.

स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर बायकोला आपला चेहरा दिसला असावा. ती बावरली नाही. कॅमेरा कुठे आहे ते शोधून तिनं थेट त्यात बघितलं. त्यातून थेट आपल्याकडे बघितल्यासारखं आलोचरावांना वाटलं आणि ते खुर्चीत सावरून बसले. तिनं एक हात उचलून रिकाम्या खुर्चीवर ठेवला. मग तिचे ओठ हलले. आवाज काही आला नाही, पण ते दोन शब्द आलोचरावांना आवाजाशिवायही ओळखता आले. आयुष्यभर ते त्यांनीच विचारले होते.

दिसतंय का?

"दिसतंय!" आलोचराव ताडकन उठून ओरडले. "अगं, दिसतंय! सगळं दिसतंय!"

खरंच दिसत होतं. मुंग्या नाहीत, निळं नाही, वारा नाही. फक्त तिनं ते विचारून झाल्याला चार आकडे मोजून झाले होते, आणि पलीकडे ती केव्हाच मान वळवून लेकीकडे बघू लागली होती. कोपऱ्यातला लाल ठिपका तेवढा व्यवस्थित चालू होता.